लहरींच्या काठावरचा जिल्हा

मीडियम वेव्हच्या पट्टीवर वाशिमला स्वतःचा आकडा नव्हता. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, जळगाव ९६३वर, परभणी १३०५वर. या तिन्ही केंद्रांच्या मधोमध कुठेतरी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके येतात. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर वाशिम शहरापासून नागपूर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, जळगाव त्याहून थोडं जवळ आणि परभणी जेमतेम शंभर. कचेरीच्या कामाला अकोला, वरच्या कामाला अमरावती, त्याहून वर नागपूर, असा वाशिमकराचा सरकारी रस्ता उत्तरेकडे आणि मग पूर्वेकडे जायचा. रेडिओचा सर्वांत जवळचा आवाज मात्र दक्षिणेकडून, पैनगंगेपलीकडून, मराठवाड्यातून यायचा. प्रसारणाचं जाळं प्रशासनाच्या नकाशाबरहुकूम वाढत नाही, हे इथे नीट दिसतं. म्हणूनच आकाशवाणीच्या वाढीची गोष्ट मुंबईच्या स्टुडिओतून सांगण्याऐवजी वाशिमच्या बाजूने सांगायला हवी.

मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून चालते. जमीन ओलसर, चिकण असेल तर ती दूर जाते. कोरड्या खडकावर लवकर दमते. वऱ्हाडातली काळी कसदार माती कापसाला मानवते तशी या लहरीलाही मानवते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांत बदल होतो. सूर्याच्या प्रकाशामुळे तयार होणारा आणि लहरी शोषून घेणारा थर नाहीसा होतो आणि त्याहून उंचावरचा थर लहरींना परत जमिनीकडे पाठवू लागतो. त्यामुळे दिवसा न सापडणारी दूरची केंद्रं अंधार पडल्यावर एकमेकांवर चढून ऐकू येतात. ट्रान्झिस्टरच्या पोटात आडवी बसवलेली फेराइटची कांडी ज्या दिशेला वळवाल, त्याप्रमाणे एखादं केंद्र ठळक होतं किंवा बुडतं. संच खिडकीत ठेवून त्याला हळूहळू फिरवणारी माणसं नकळत हेच शास्त्र वापरत होती.

सुरुवातीला मात्र या सगळ्यात वाशिमचा काही संबंधच नव्हता. जून १९२३मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने मुंबईतून पहिलं प्रसारण केलं. ते हौशी मंडळींचं काम होतं. २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट, म्हणजे खात्रीचं ऐकू येणार ते मुंबई आणि आसपासच्या पट्ट्यात. कंपनीचं उत्पन्न श्रोत्यांच्या परवान्यांवर आणि आयात केलेल्या संचांवरच्या वाट्यावर अवलंबून होतं. तीन वर्षांत परवाने आठ हजारांपर्यंतही पोचले नाहीत आणि मार्च १९३०मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. १ एप्रिल १९३०पासून सरकारने ते काम हाती घेतलं. ८ जून १९३६ला या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं.

वाशिमच्या दृष्टीने त्या दशकातली महत्त्वाची तारीख वेगळीच आहे. फेब्रुवारी १९३८मध्ये मुंबईला शॉर्टवेव्ह प्रक्षेपक बसला. शॉर्टवेव्ह आकाशातून परतून येते, त्यामुळे मुंबईचा आवाज पहिल्यांदाच शेकडो किलोमीटर आत, वऱ्हाडापर्यंत येऊ शकला. अर्थात तो ऐकायला व्हॉल्व्हचा महागडा संच हवा, छपरावर ताणलेली एरियलची तार हवी, वीज किंवा जड बॅटरी हवी आणि पोस्टातून काढलेला परवाना हवा. जिनिंग-प्रेसिंगवाले, वकील, सावकार, मालगुजारीच्या धाटणीची मोठी घरं यांच्यापलीकडे हे जाणं शक्य नव्हतं. १९४७मध्ये फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशाच्या भूभागाचा अडीच टक्के आणि लोकसंख्येचा अकरा टक्के हिस्सा तेवढा त्यांच्या टप्प्यात होता. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात एकही केंद्र नव्हतं.

पैनगंगेच्या पलीकडे मात्र एक वेगळाच रेडिओ होता. हिंगोली, परभणी, नांदेड हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचा स्वतःचा डेक्कन रेडिओ होता. हैदराबादच्या जोडीला औरंगाबादलाही त्याचं केंद्र होतं. वाशिमचा मुलूख इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडाच्या दक्षिण कडेचा. १९४७-४८मध्ये संस्थानातून पळून आलेली कुटुंबं याच सरहद्दीवर येऊन थांबली. उमरखेडसारख्या गावांत स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्या काळात नदीच्या दोन काठांवरच्या लोकांना दोन राज्यांचे दोन रेडिओ दोन प्रकारचं सत्य सांगत होते. याच वातावरणात, १६ जुलै १९४८ला नागपूर केंद्र सुरू झालं. दोनच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, निजामाची शरणागती डेक्कन रेडिओवरूनच जाहीर झाली. वऱ्हाडातल्या माणसाला आता निदान आपल्या प्रांताचा आवाज होता, आणि तो ज्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मिळाला त्यावरून त्याची किंमत समजते.

नागपूर केंद्र उभं राहिलं ते प्रत्येक भाषिक प्रदेशाला एक केंद्र द्यावं या धोरणातून. त्या वेळी सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी मंत्री होते आणि १९४८मध्ये पाटणा, कटक, गुवाहाटी, नागपूर, विजयवाडा अशी केंद्रं एकापाठोपाठ निघाली. नागपूर ही तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी. म्हणून केंद्राची भाषाही मराठी-हिंदी अशी दुहेरी. औरंगाबादचं जुनं केंद्र १९५०मध्ये आकाशवाणीकडे आलं आणि २ ऑक्टोबर १९५३ला पुणे केंद्र सुरू होताना बंद झालं. म्हणजे पुण्याला आवाज मिळाला त्याच वर्षी मराठवाड्याचा गेला. याची चर्चा फार कमी होते. औरंगाबादला पुन्हा स्वतःचं केंद्र मिळेपर्यंत मध्ये दोन दशकांहून अधिक काळ गेला.

पुण्याने त्या नव्या केंद्राचं सोनं केलं, हेही तितकंच खरं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण तिथून प्रसारित झालं. ते सर्वांना ठाऊक आहे. पण गीतरामायण संपता संपता, १९५६च्या फेब्रुवारी-एप्रिलमध्ये, त्याच केंद्राने आणखी एक काम केलं, आणि प्रसारणाचा इतिहास लिहिताना मला ते जास्त मोलाचं वाटतं.

युनेस्कोच्या मदतीने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये रेडिओ शेतकरी मंडळं स्थापन झाली. ही कल्पना कॅनडातली. तिथे शेतकरी एकत्र बसून रेडिओ ऐकत, चर्चा करत आणि ठरवलेलं अमलात आणत. इथे गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, चावडीत किंवा शाळेत जमत. अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसांत बोलायचं. मंडळाचा निमंत्रक चर्चेत निघालेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवी आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं दिली जात. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ही पाहणी करणाऱ्या पॉल न्यूरॅथ यांनी मंडळांच्या गावांबरोबर दोन प्रकारची गावं तुलनेसाठी ठेवली होती: जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि जिथे रेडिओच नव्हता. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना शेती, जनावरं, आरोग्य यांविषयी प्रश्न विचारले गेले. मंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळक होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्यामानाने फारच कमी भरली.

या निष्कर्षाचं महत्त्व आजही कमी झालेलं नाही. पेटीतून आवाज आला म्हणजे माणसांपर्यंत गोष्ट पोचली असं होत नाही. ऐकणाऱ्याला उलट विचारता आलं, आपला प्रश्न पुढच्या एखाद्या दिवशी त्याच पेटीतून ऐकू आला, तेव्हा रेडिओ गावाचा होतो. प्रसारणाचं जाळं किती किलोवॉटचं, किती चौरस किलोमीटरचं, हे मोजणं सोपं असतं. परतीची वाट किती रुंद, हे मोजायला पुण्याच्या त्या प्रयोगासारखी मेहनत लागते.

वाशिमचं दुर्दैव असं, की ते त्या पाच जिल्ह्यांत असूच शकत नव्हतं. फेब्रुवारी १९५६मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं. नोव्हेंबरमध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं, तोवर प्रयोग आटोपला होता. १९५९च्या नोव्हेंबरमध्ये अशी मंडळं देशभर काढण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. पण दीडशे गावांवर नेमाने लक्ष ठेवणारी माणसं देशभर कुठून आणणार? कार्यक्रम पसरला, तसा परतीचा भाग पातळ होत गेला.

साठच्या दशकाने मात्र वाशिमसारख्या भागाला खरोखर रेडिओ दिला, कारण तेव्हा ट्रान्झिस्टर आला. आधीच्या ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक संचाची बॅटरी संपली की तालुक्याहून ती येईपर्यंत गाव मुकं. ट्रान्झिस्टरला टॉर्चमधले सेल चालायचे. तो धुऱ्यावर नेता यायचा, बैलगाडीत टांगता यायचा, जागलीला माळ्यावर सोबत ठेवता यायचा. नेमक्या याच वेळी शेतीही बदलत होती. १९६४मध्ये संकरित ज्वारीचं सीएसएच-१ हे वाण आलं. मुख्यमंत्रिपदावर वसंतराव नाईक होते. त्यांचं गहुली हे गाव शेजारच्या पुसद भागातलं. संकरित बियाण्यांचा त्यांनी ध्यासच घेतला होता. आकाशवाणीने १९६६पासून निवडक केंद्रांवर शेती आणि गृह विभाग उघडले, तज्ज्ञांना शेतात आणि शेतकऱ्यांना स्टुडिओत आणण्याचा प्रयत्न केला. ज्वारीवरची खोडमाशी, कपाशीवरची बोंडअळी, खताच्या मात्रा, हवामान, बाजारभाव हे संध्याकाळच्या हवेत नेमाने येऊ लागलं. अकोल्यात १९६९मध्ये कृषी विद्यापीठ झालं आणि पुढे परभणीला १९७२मध्ये. या दोन्ही विद्यापीठांच्या मध्ये वाशिम येतं. रेडिओवर बोलायला तज्ज्ञांची वाण उरली नाही.

परभणी आकाशवाणीचं केंद्र १९६८मधलं. वाशिमच्या रेडिओ-आयुष्यात ही सर्वांत मोठी भर. नागपूरचा आवाज दुपारी खरखरत असताना परभणी स्वच्छ लागायचं. पण त्याची बोली, त्याची गावं, त्याचे बाजार मराठवाड्याचे. वऱ्हाडी माणसाला मराठवाडी कळते, नाती-सोयरिकी नदीच्या दोन्ही अंगांना आहेत. तरी मोंढ्यातला भाव सांगताना वाशिमच्या बाजार समितीचं नाव येत नाही हे कानाला जाणवणारच. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जमणारा बंजारा समाज गोरबोली बोलतो. तो कोणत्या केंद्राच्या टप्प्यात होता असं विचारलं, तर उत्तर तीन केंद्रांची नावं देऊन संपतं. त्याची भाषा कोणत्या केंद्राच्या स्टुडिओजवळ होती, हा प्रश्न त्याहून अवघड.

रात्रीचं ऐकणं निराळं होतं. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा खरी होती आणि आकाशवाणीने कलावंतांना दिलेल्या आधारात तिचा वाटा मोठा आहे. पण चित्रपटगीतांवर त्यांनी घातलेल्या मर्यादांमुळे श्रोता शॉर्टवेव्हवरच्या रेडिओ सिलोनकडे वळला. वाशिम काय आणि वेंगुर्ला काय, बुधवारी रात्री आठला निवेदक अमीन सयानींच्या आवाजासाठी काटा तिकडेच. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली, ती या निसटलेल्या श्रोत्याला परत आणण्यासाठी. १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. पुढे १९८८मध्ये नागपूरजवळच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. देशाच्या मध्यावरून चहूकडे जावी म्हणून नागपूरची निवड. विदर्भाच्या मातीतून निघणारा एवढा प्रचंड आवाज साऱ्या देशासाठी होता. २०१९मध्ये तो बंद झाला.

ऐंशीच्या दशकात आकाशवाणीच्या विचाराने वळण घेतलं. मोठी केंद्रं पुरे, आता जिल्ह्याजिल्ह्याला छोटं केंद्र काढावं, तिथल्या माणसांचं तिथेच ध्वनिमुद्रण व्हावं, असं ठरलं. १९८४मध्ये तमिळनाडूतल्या नागरकोईलला पहिलं स्थानिक केंद्र निघालं. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, बीड, नांदेड, धुळे, सातारा अशी एफएमवरची स्थानिक केंद्रं उभी राहिली. त्या यादीत वाशिम का नाही? कारण तेव्हा वाशिम जिल्हाच नव्हता. इंग्रजी अमलात बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५मध्ये तो मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला; वाशिम अकोल्यात गेलं. वाशिम पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. तोवर स्थानिक केंद्रांची लाट ओसरली होती आणि कागदोपत्री अकोल्याचं १०२.४ मेगाहर्ट्झचं केंद्र वाशिमकरांचंही होतं.

कागदावरचं हे नातं हवेत टिकायला भूगोल आड येतो. वऱ्हाडाचे जुने दोन भाग आहेत, खालचा पयनघाट आणि वरचा बालाघाट. अकोला पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आत. वाशिम अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर, पाचशे मीटरांहून उंच. मध्ये पातूरचा घाट. एफएमची लहर मीडियम वेव्हसारखी जमिनीला धरून वळत नाही. ती जवळपास नजरेच्या रेषेत जाते आणि डोंगराआड सावली पडते. अकोल्याहून वाशिम सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर, म्हणजे अंतरच टप्प्याच्या कडेवरचं, त्यात हा चढ. आवाज स्वच्छ आणि संगीताला उत्तम, हा एफएमचा गुण. पण तो गुण घाटाखालच्यांच्या वाट्याला जास्त आला.

२८ एप्रिल २०२३ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे देशभरातल्या ९१ एफएम प्रक्षेपकांचं उद्घाटन केलं. आकांक्षित जिल्हे आणि सीमाभाग यांना त्यात प्राधान्य होतं आणि आकांक्षित जिल्ह्यांपैकी वाशिम त्या टप्प्यात आलं. नागपूर केंद्राला पंचाहत्तर वर्षं होत असताना वाशिमला पहिला प्रक्षेपक मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. त्याची शक्ती शंभर वॉट. सरकारने सांगितलेलं एकूण नवं क्षेत्र सुमारे पस्तीस हजार चौरस किलोमीटर. त्याला ९१ने भागलं की एका प्रक्षेपकाच्या वाट्याला चारशेहून थोडं कमी येतं, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. वाशिम जिल्हा पाच हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. रिसोड, कारंजा, मानोरा या वर्तुळाच्या पुष्कळ बाहेर राहतात.

क्षेत्राचा प्रश्न आणखी प्रक्षेपक बसवून सुटेल. आवाजाचा प्रश्न त्याने सुटत नाही. असे शंभर वॉटचे प्रक्षेपक दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम घेऊन पुढे पाठवतात. तिथे स्टुडिओ नसतो, निवेदक नसतो, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडल्यावर जाऊन ध्वनिमुद्रण करणारा माणूस नसतो. १९५६च्या प्रयोगात ज्या परतीच्या वाटेमुळे गावं शिकली, ती वाट इथे बांधलेलीच नाही. यात तंत्रज्ञांचा दोष नाही. त्यांना नेमून दिलेलं काम त्यांनी केलं आहे. निर्णय घेणाऱ्यांनी टप्पा आणि आवाज या दोन गोष्टी एकच मानल्या, तिथे हे अडलं.

दुसरा रस्ता कायद्याने मोकळा केलेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निर्णय दिला. सामुदायिक रेडिओ आधी फक्त शिक्षणसंस्थांसाठी होता. नोव्हेंबर २००६च्या धोरणाने तो किमान तीन वर्षं नोंदणीकृत असलेल्या स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं यांनाही खुला केला. प्रसारणशक्ती साधारणपणे शंभर वॉटपर्यंत, मनोरा जास्तीत जास्त तीस मीटर, आणि निम्मे तरी कार्यक्रम त्याच परिसरात तयार झालेले असले पाहिजेत. साताऱ्याच्या दुष्काळी म्हसवडमध्ये माणदेशी तरंग या वाहिनीने याच नियमांत राहून बायकांच्या हाती माइक दिला. शक्तीचा आकडा सरकारी प्रक्षेपकाइतकाच आहे. फरक निम्म्या कार्यक्रमांच्या त्या अटीत आहे. सहा तालुक्यांना असे सहा मनोरे लागतील. मानोऱ्याच्या मनोऱ्यावरून गोरबोलीत बोललं जाईल, कारंज्याच्या मनोऱ्यावरून त्या दिवशीचा तुरीचा भाव सांगितला जाईल, आणि रिसोडच्या शेतकऱ्याने सकाळी विचारलेल्या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर द्यायला दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र शोधावं लागणार नाही.